कापलेला टॅक्स परत मागा, तो आपलाच आहे

पोस्ट जरा लांब आहे, पण ३१ जुलैच्या आत वाचा.

आपल्यापैकी बहुतेकांची भारतात एनआरओ खात्यात एखादी एफडी असतेच. बँक तिच्या व्याजातून ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस कापते, अगदी पहिल्या रुपयापासून. लाखभर व्याजातले ३१,२०० रुपये गेले. आपण स्टेटमेंट बघून हळहळतो आणि "जाऊ दे, कोण त्या भानगडीत पडणार" म्हणून सोडून देतो. माझं स्पष्ट मत आहे की हे पैसे सोडू नयेत.

टीडीएस म्हणजे अंतिम कर नव्हे. तो आधीच कापून ठेवलेला पैसा. खरा कर रिटर्न भरल्यावर ठरतो. भारतातलं तुमचं वर्षाचं उत्पन्न तेवढंच व्याज असेल, तर करमुक्त मर्यादा आपल्यालाही आहे, नव्या पद्धतीत ४ लाख. म्हणजे देणं शून्य आणि ३१,२०० पूर्ण परत. उत्पन्न जास्त असेल तर दोन देशांमधला करार बघा. अमेरिका आणि ब्रिटनसाठी अशा व्याजावर कमाल १५ टक्के, यूएईसाठी साडेबारा. तिथला रहिवासी असल्याचा कर खात्याचा दाखला आणि १०एफ फॉर्म बँकेला वेळेत दिलात, तर मुळात कमीच कापलं जातं.

घर विकताना तर आकडा मोठा होतो. समजा ३० लाखांना घेतलेला फ्लॅट काही वर्षांनी ४० लाखांना विकला. कर फक्त १० लाखांच्या नफ्यावर, सेस धरून १३ टक्के, म्हणजे १ लाख ३० हजार. पण घेणारा घाबरून पूर्ण ४० लाखांवर कापतो, ५ लाख २० हजार! ३ लाख ९० हजार अडकले. म्हणून व्यवहाराआधीच आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला काढा. राहून गेलं असेल, तर रिटर्न भरून परत मागा.

काही जण म्हणतात, "इथे त्याचं क्रेडिट मिळतंच ना?" तसं नाही. अमेरिका क्रेडिट देते ते भारताला खरोखर देणं असलेल्या कराचं. जो परत मिळू शकला असता, तो त्यात धरत नाहीत. ब्रिटनमध्येही करारापेक्षा जास्त कापलेलं मोजत नाहीत. यूएईत वैयक्तिक आयकरच नाही, मग क्रेडिट कशातून घेणार? तिकडे मागितलं नाही, तर इकडेही मिळत नाही.

दुसरी भीती नोटिशीची. अहो, टीडीएस तुमच्या पॅनवरच जमा झालाय, खात्याला सगळं आधीच दिसतंय. भीती हवी ती वेगळ्या गोष्टीची. परदेशी गेल्यावरही जुनं साधं बचत खातं तसंच ठेवणं, टीडीएस वाचवायला १५जी भरून देणं, हे करू नका. तो फॉर्म फक्त भारतात राहणाऱ्यांसाठी आहे. आपला हक्क मागायचा, तर आपले कागदही सरळ हवेत.

परतावा हजार-दोन हजारांचा असेल आणि सीएची फी त्याहून जास्त, तर सोडा खुशाल. पण आधी आकडा तर बघा. पोर्टलवर २६एएस उघडा. मुलांच्या नावाने एफडी असेल, तर अज्ञान मुलाचं व्याज सहसा आई-वडिलांपैकी जास्त उत्पन्न असणाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. टीडीएस कोणाच्या पॅनवर पडलाय तेही तपासा. मग आयटीआर-२ भरा, बँक खातं पोर्टलवर पडताळून घ्या आणि ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा. भारतातला मोबाइल बंद असेल तर नेटबँकिंगनेही होतं. जुलै हुकला तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न चालतं. जुनी वर्षं राहिली असतील, तर योग्य कारण देऊन आकारणी वर्ष संपल्यापासून ५ वर्षांपर्यंत उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो.

आणि एक विचार करा. आपल्या मुलांना पॅन, एनआरओ, २६एएस हे शब्दही माहीत नाहीत. आज आपण हे निस्तरलं नाही, तर उद्या आपल्यामागे ती ते कुठून शोधणार? त्यांच्या एका सेमिस्टरची पुस्तकं तरी यातून नक्की येतील. मागायला लाजू नका.