शुगर तिची, परहेज घराचं

गरोदर बाईच्या रक्तात साखर वाढली की आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो, "हिने खाल्लं तरी काय?" दुसरा प्रश्न दार लोटून विचारला जातो, "बाहेर कुणाला बोललात तर नाही ना?" आणि "आता आपण सगळ्यांनी काय करायचं?" हा तिसरा प्रश्न बहुतेक घरांत कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं सरळ आहे. पहिला प्रश्न अज्ञानाचा आहे, दुसरा धोक्याचा आहे आणि तिसरा टाळणं हा त्या बाईवरचा अन्याय आहे.

मी रेणापूरची. इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागले, पण पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी. सव्विसाव्या आठवड्यात पुण्यात ग्लुकोज पिऊन दोन तासांनी तपासलेली शुगर १६८ निघाली आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचं निदान झालं. पुढचे महिने रेणापुरात काढले. सकाळी लॅपटॉपवर मीटिंग, दिवसातून चारदा बोटाला सुई, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येक खाला-फुफीचा एकच सवाल, "अपने खानदान में तो किसीकू शुगर नई, तेरेकू कैसे हुई?"

खानदानात नाही, की कुणाची कधी तपासलीच नाही? आमच्या दादीच्या पिढीतल्या बायकांना गरोदरपणात रक्त तपासायला कोण घेऊन जात होतं? ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही असं मानणारा माणूस आमच्या धंद्यात आठवडाभरही टिकणार नाही. घरांत मात्र हाच हिशेब वर्षानुवर्षं चालतो.

"काय खाल्लं" याचं उत्तरही ऐकून घ्या. गरोदरपणात वार जी संप्रेरकं सोडते, त्यांच्यामुळे आईच्या शरीरावर इन्सुलिनचा असर कमी होतो. बाळाला साखर मिळत राहावी म्हणून निसर्गानेच केलेली ही सोय आहे. आईचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून ती कसर भरून काढतं. ज्या बाईच्या स्वादुपिंडाला तेवढं जमत नाही, तिची साखर चढते. सॉफ्टवेअर लोकांच्या हाती देण्याआधी आम्ही त्याच्यावर मुद्दाम ताण टाकून बघतो. रोज नीट चालणारी गोष्ट कुठे कमी पडते ते तेव्हा कळतं. गरोदरपण ही शरीराची तशीच परीक्षा आहे. तिच्यात कमी दिसली म्हणून बाई गुन्हेगार ठरत नाही. उलट, जे दहा वर्षांनी कळलं असतं ते आज कळलं.

"पण ही तर बारीक आहे" असंही म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. आपली बाळं विलायतेतल्या बाळांपेक्षा वजनाने कमी भरतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते, हे त्यातून पुढे आलं. दिसायला सडपातळ, आतून चरबी, ही आपल्याकडची घडण जन्मापासूनची आहे. तिच्या मागे आईचं, आजीचं अर्धपोटी राहणंही आहे. तेव्हा एका बाईने सहाव्या महिन्यात खाल्लेल्या दोन गुलाबजामांवर सगळं खापर फोडणं सोपं आहे, खरं नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात दर सहा बाळंतपणांपैकी एकात आईची साखर वाढलेली असते. एवढ्या सगळ्या बायका काय चोरून मिठाई खात होत्या?

आता लपवण्याबद्दल. ज्या तालुक्यात रेणा सहकारी साखर कारखाना उभा आहे, तिथे बाईच्या बाबतीत 'शुगर' हा शब्द कुजबुजत बोलला जातो. कारण ठरलेलं असतं: धाकट्या बहिणीचा रिश्ता यायचा आहे, लोक म्हणतील या घरात बीमारी आहे. मलाही हाच सल्ला मिळाला, "छुपा के रख, बच्चा हुआ की चले जाती." ही गुप्तता कुणाला महागात पडते ते बघा. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. त्यामुळे बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं आणि बाळ प्रमाणाबाहेर वाढतं. मग प्रसूती अडते, सिझेरियनची वेळ येते. नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखर बंद होते, पण बाळाचं इन्सुलिन चालूच असतं. पहिल्या काही तासांत बाळाची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरला आणि नर्सला हे आधीच माहीत असेल, तर ते बाळाची साखर तपासतात, आईला लगेच पाजायला लावतात. माहीत नसेल तर? सासरच्या गावात निदान, माहेरच्या गावात बाळंतपण, आणि मधे फाइल कपाटात. रिश्त्याची अब्रू राखताना आपण त्या बाळाला पणाला लावतो.

"या तपासण्या म्हणजे पैसे काढायचे धंदे" असं म्हणणारे भाऊ आणि चाचाही भेटतात. खासगी दवाखान्यांचा अनुभव घेतलेल्या माणसाचा हा संशय मला समजतो. पण ही तपासणी त्यांतली नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी दोनदा व्हायला हवी: पहिल्या भेटीत आणि मग २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला की निदान. उपाशीपोटी येण्याची अट नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत रुजवली, तीच मुळी आपल्यासारख्यांच्या अडचणी ओळखून. दोन-तीन तास प्रवास करून आलेल्या गरोदर बाईला "उद्या उपाशी या" म्हटलं तर ती परत येत नाही. तमिळनाडूने २००७ मध्येच सगळ्या गरोदर बायकांसाठी ही तपासणी लागू केली. आपल्याकडे रेणापूरला ग्रामीण रुग्णालय आहे, लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. पण कागदावर असलेली गोष्ट मागितल्याशिवाय पदरात पडत नाही. रेशन कार्डासाठी आपण तहसीलच्या दहा चकरा मारतो. या तपासणीसाठी एकदा तरी विचारतो का?

कागद हातात आल्यावर खरी कसोटी घराची लागते. मला एका दवाखान्यातून आहाराचा छापील तक्ता मिळाला होता. ओट्स, ब्राउन ब्रेड, साय काढलेलं दूध, उकडलेल्या भाज्या. त्यात ना भाकरी, ना सालन, ना दालचा. तो तक्ता ज्या घरासाठी लिहिला ते आमचं नव्हतंच. अम्मीने तो वाचून बाजूला ठेवला आणि विचारलं, "अपने घर में जो पकता, उसमें से क्या चलता, वो बोल." सगळं इथून सुरू झालं. जेवणानंतर दोन तासांनी आकडा १२० च्या आत हवा, एवढी खूणगाठ धरून आम्ही वहीत नोंद ठेवायला लागलो. काय खाल्लं, किती खाल्लं, आकडा किती आला. आठवड्याभरात चित्र स्पष्ट झालं. ताटभर बगारा खाना खाल्ला की आकडा उसळायचा. तोच एक वाटी घेऊन सोबत दालचा, अंडं, काकडी घेतली की आटोक्यात राहायचा. ज्वारीची भाकरी गुणाची आहे, पण तिचीही साखरच होते. एक भाकरी आणि तीन भाकऱ्या यांत फरक आहे. तूर, हरभरा, मूग आपल्या मातीतलं आहे, लातूर तर डाळीची बाजारपेठ. महागडे डबे आणायची गरजच पडली नाही.

पण एका बाईसाठी वेगळं शिजवायचं म्हटलं तर ते कोण शिजवणार? बहुतेक घरांत तीच. चुलीपुढे उभी राहून सगळ्यांसाठी शीर खुर्मा ढवळायचा आणि आपण बिनसाखरेचा चहा प्यायचा. वर कुणी म्हणणार, "थोडासा तो खा, नजर लगती." याला परहेज म्हणत नाहीत, शिक्षा म्हणतात. आमच्या घरात सगळ्यांचाच चहा फिका झाला, तेव्हा माझा परहेज टिकला. अब्बांनी आठ दिवस कुरकुर केली, मग सवय झाली.

दुसरी गोष्ट वेळेची. पुरुष दीडला जेवणार, मुलं जेवणार, मग अडीच-तीनला उरलंसुरलं घेऊन बायका बसणार. ज्या बाईला इन्सुलिन चालू आहे तिच्यासाठी हा उशीर जीवघेणा ठरू शकतो. साखर खाली जाते, घाम फुटतो, हात कापतात, शुद्ध हरपू शकते. म्हणून घरात गरोदर बाई असेल, तर दस्तरखानावर पहिली तिने बसायला हवं. तिसरी गोष्ट चालण्याची. डॉक्टर सांगतात, जेवून चाला. रेणापूरच्या गल्लीत रात्री साडेनऊला पोटुशी बाई चालायला निघाली, तर किती खिडक्या उघडतात ते मी सांगायला नको. मी गच्चीवर चालले. ज्यांना गच्ची नाही त्यांच्यासोबत नवऱ्याने, भावाने चालायला काय हरकत आहे?

इन्सुलिनवरून दोन भीती ऐकल्या. "बाळाला सवय लागेल" ही पहिली. बाहेरून घेतलेलं इन्सुलिनही वारेतून बाळाकडे जात नाही, त्यामुळे सवयीचा प्रश्नच नाही. "ते सुवराचं असतं" ही दुसरी. एके काळी इन्सुलिन डुकरांच्या आणि गाई-बैलांच्या स्वादुपिंडातून काढत, हे खरं आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेत बनवलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली. आज सर्रास मिळतं ते जिवाणू किंवा यीस्टच्या मदतीने बनवलेलं. शंका असेल तर डॉक्टरला विचारा, सुई टाळू नका. बहुतेक बायकांचं आहार आणि चालण्यावर भागतंही. भागलं नाही तर औषध घेणं ही हार नाही.

रोजाचंही स्पष्ट बोलू. कुरआनाने आजारी माणसाला रोजा पुढे ढकलायची मुभा सूरह बकरामध्येच दिली आहे. स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची भीती असेल, तर गरोदर बाईने रोजा न ठेवण्याला चारही मजहबांत सवलत आहे. तरीही "हमने तो नौ महीने में रोजे रखे" असं ऐकवून तिला लाजवणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. दिवसभर उपास आणि इफ्तारला खजूर, सरबत, भजी यांनी साखर आधी पडते, मग उसळते. अल्लाहने दिलेली सवलत काढून घ्यायचा हक्क मोहल्ल्याला कुणी दिला?

"पूर्वीच्या बायका शेतात बाळंत व्हायच्या" हे वाक्यही नेहमीचं. व्हायच्या. त्यांतल्या किती जणी आणि किती बाळं दगावली, हे सांगायला त्या राहिल्या नाहीत. वाचलेल्यांच्याच गोष्टी आपल्याला ऐकायला मिळतात.

बाळ झालं की बहुतेकींची शुगर खाली येते, तशी माझीही आली. इथे घर निर्धास्त होतं, आणि तिथेच चुकतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार, गरोदरपणात शुगर झालेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांच्या सातपटींहून जास्त असते. म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत तपासणी करायची असते. आपल्याकडे याचं कॅलेंडर आधीच आहे. सातव्या महिन्यात सतवांसा करतो, त्याच्या आसपासच २४ ते २८ आठवड्यांची तपासणी येते. चाळीस दिवसांचा चिल्ला संपतो, तेव्हा सहा आठवडे होत आलेले असतात. सतवांशाची ओटी भरण्याआधी एक तपासणी, चिल्ल्याच्या नहाणानंतर दुसरी. रिवाज मोडायची गरज नाही, त्याला एक कागद जोडायचा आहे.

"हे डॉक्टरांचं काम, चळवळीचं काय?" असं मला एका तरुण मित्राने विचारलं. शिक्षण, नोकरी, आरक्षण, सुरक्षितता यांवर आपण बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण आपल्या हक्काची तपासणी आपल्याच वस्तीतल्या बाईला मिळत नसेल, ती मिळाल्यावर घर तिला एकटं पाडत असेल, तर तोही नागरिकत्वाचाच प्रश्न आहे. याला मोर्चा लागत नाही. आपापल्या मोहल्ल्यातल्या आशाताईंना भेटा, ९ तारखेला गरोदर भाभीला, बहिणीला, बायकोला सोबत घेऊन जा, "दोन तासांची ग्लुकोजची तपासणी झाली का?" एवढं विचारा. आणि घरी आल्यावर चहात साखर घालण्याआधी तिच्याकडे एकदा बघा.