मसल कार दान करताय? आधी विचारा, ती जाणार कुठे!

'फास्ट अँड फ्युरिअस'मधली डॉमिनिक टोरेटोची काळी डॉज चार्जर आठवतेय? १९७०चं मॉडेल. मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं व्ही-८ इंजिन बसवायचं आणि किंमत तरुणांना परवडेल अशी ठेवायची, हा १९६४च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून गाजलेला अमेरिकी फॉर्म्युला म्हणजे मसल कार. आपल्याकडे ती पडद्यावरच दिसते. अमेरिकेत मात्र अशा गाड्या आजही कुणाकुणाच्या गॅरेजमध्ये कव्हरखाली उभ्या असतात.

वडील जातात, घर विकायला निघतं आणि मुलांना प्रश्न पडतो, या गाडीचं करायचं काय? तेवढ्यात जाहिरात कानावर येते : गाडी चालू असो वा बंद, आम्ही फुकट उचलून नेऊ, पैसे सत्कार्याला आणि तुम्हाला करसवलत. ऐकायला छान वाटतं. माझ्या मते मात्र क्लासिक गाडीसाठी हा सगळ्यात वाईट रस्ता आहे.

गाडी उचलल्यावर काय होतं?

बऱ्याचदा संस्था स्वतः गाडीला हातही लावत नाही. तिच्या वतीने एक मध्यस्थ कंपनी फोन घेते, टो करते आणि गाडी लिलावात काढते. टोइंग, जाहिरात, लिलावाचं शुल्क आणि मध्यस्थाचा वाटा वजा करून उरेल ते संस्थेला.

किती उरतं? आपल्या कॅगसारखं काम करणाऱ्या अमेरिकी संसदेच्या 'गाओ' या यंत्रणेने २००३ मध्ये याचा माग काढला. २००० या करवर्षात सुमारे ७ लाख ३३ हजार करदात्यांनी वाहनदानाची वजावट घेतली होती आणि त्यातून अंदाजे ६५ कोटी ४० लाख डॉलरचा कर वाचला होता. 'गाओ'ने ५४ गाड्यांचा शेवटपर्यंत पाठलाग केला. त्यातल्या दोन तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत, दात्याने दाखवलेल्या किमतीच्या ५ टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडली होती. १९८३च्या एका जीएमसी ट्रकवर दात्याने २,४०० डॉलरची वजावट घेतली. लिलावात आले ३७५ डॉलर. संस्थेला मिळाले साडेएकतीस!

मग नियम बदलला

२००४च्या कायद्याने हा खेळ बराचसा बंद केला. आता ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट हवी असेल तर ती साधारणपणे संस्थेने गाडी ज्या किमतीला विकली तेवढीच मिळते. विक्रीनंतर ३० दिवसांत संस्थेने तो आकडा लेखी द्यायचा, त्यासाठी '१०९८-सी' हा फॉर्म आहे. म्हणजे समजा, जाणकार ग्राहक ५० हजार डॉलर देईल अशी गाडी घाऊक लिलावात ४ हजारांना गेली, तर तुमची वजावटही ४ हजारच. त्यातही ही वजावट आहे, थेट करातली सूट नाही. आणि तपशीलवार वजावटी घेणाऱ्यालाच ती उपयोगी. २०२४ साठी सरसकट प्रमाणित वजावटच एकट्या व्यक्तीला १४,६०० आणि जोडप्याला २९,२०० डॉलर होती. त्यामुळे अनेकांना या दानातून करात एक सेंटचाही फरक पडत नाही.

अपवाद आहेत. संस्थेने गाडी स्वतःच्या कामासाठी खरोखर वापरली, तिच्यात मोठी दुरुस्ती करून किंमत वाढवली किंवा गरजूला अगदी स्वस्तात दिली, तर पूर्ण बाजारभाव धरता येतो. ५ हजार डॉलरपुढे मूल्यांकनाचा दाखलाही लागतो. नुसतं रंगवून किंवा धुऊनपुसून चालत नाही. घरोघर जेवणाचे डबे पोहोचवायला गाडी वापरणं या नियमात बसतं, पण साडेसात लिटरच्या इंजिनाची शेव्हेल डब्यांच्या फेऱ्या मारतेय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. पेट्रोलच्या बिलातच संस्था बसेल.

किंमत इंजिनात की कागदात?

इथे माझ्यातला इंजिनीअर जागा होतो. १९७०ची शेव्हेल एसएस ४५४ घ्या. तिच्या एलएस-६ इंजिनाची ताकद कंपनीने ४५० अश्वशक्ती सांगितली होती. पण त्या वर्षीच्या चासी नंबरवरून गाडी अस्सल एसएस आहे की साधी शेव्हेल, हे कळतच नाही! पुरावा असतो तो कारखान्यातल्या बिल्ड शीटचा, म्हणजे कोणती गाडी कशी जोडायची ते सांगणाऱ्या कागदाचा. तो अनेकदा पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला सापडतो. इंजिन मूळचंच आहे ना, हे त्यावरचा नंबर गाडीच्या नंबरशी ताडून पाहतात. एकामागोमाग एक गाड्या काढणाऱ्या घाऊक लिलावात हे कोण तपासणार?

चांगला रस्ता कोणता?

कॅन्ससमधल्या मॅकफर्सन कॉलेजचं उदाहरण मला फार आवडतं. १९७६ मध्ये एका स्थानिक उद्योजकाने आपल्या संग्रहातल्या जुन्या गाड्या कॉलेजला दिल्या आणि त्यातून गाड्यांच्या जीर्णोद्धाराचा अभ्यासक्रम उभा राहिला. आज तिथे या विषयात पदवी मिळते. २०२३ मध्ये विद्यार्थ्यांनी घडवलेली १९५३ची मर्सिडीज ३०० एस पेबल बीचच्या प्रतिष्ठित स्पर्धेत तिच्या गटात दुसरी आली. तिथे दिलेल्या गाडीवर मुलं हात बसवतात.

दुसरा रस्ता जाणकारांच्या लिलावाचा. २०१९ मध्ये बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात नव्या शेल्बी जीटी-५०० मस्टँगचा पहिला नग ११ लाख डॉलरना गेला. ते पैसे टाइप-१ मधुमेहाच्या संशोधनाला मिळाले. ती कंपनीची नवी गाडी होती, प्रत्येकाच्या नशिबी असा लिलाव नसतो, हे मान्य. पण गाडी स्वतः विकून संस्थेला चेक देणं कुणालाही जमतं. गाडीची किंमत खूप वाढली असेल तर नफ्यावर कर लागू शकतो, म्हणून आधी सीएला, तिथल्या भाषेत सीपीएला, विचारायचं.

आपल्याकडे हा घोळच नाही, कारण ८०जीची सवलत फक्त पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूला नाही. फुगवलेल्या किमतीचा प्रश्न मिटतो. पण एखाद्याने जुनी गाडी आयटीआयला द्यायची म्हटली तर कायदा त्याला काहीच देत नाही, हे मला खटकतं.

तुमचं कुणी न्यू जर्सीत किंवा बे एरियात असेल आणि सोबत अशी गाडी सांभाळत असेल, तर हा लेख फॉरवर्ड करा. फोन करण्याआधी संस्थेला दोनच प्रश्न विचारायला सांगा : गाडी विकणार कोण, आणि शंभर डॉलरमागे संस्थेला किती मिळणार? आणि हो, टो ट्रक बोलवण्यापूर्वी पेट्रोलची टाकी खाली उतरवून वर कागद चिकटलाय का, तेही बघायला सांगा.