अंग पुसणे हाही उपचारच

कोरेगाव तालुक्यातला गंभीर रुग्ण साताऱ्याला किंवा मिरजेला हलवला की नातेवाईक इंजेक्शनची, सलाईनची चौकशी करतात. रुग्णाचे अंग कोण पुसणार, कशाने पुसणार, हे सहसा कोणी विचारत नाही. ते काम बादली आणि टॉवेलसह घरच्या माणसांवरच पडते.

रुग्णालयात काही दिवस राहिलेल्या रुग्णाच्या काखेत, जांघेत, मानेवर तिथले जंतू मुक्काम ठोकतात. हा आजार नव्हे; पण मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या वाटेने तेच जंतू रक्तात उतरले, तर जीव धोक्यात येतो.

यावर एक साधा उपाय आहे. दोन टक्के क्लोरहेक्सिडीनने रोज अंग पुसायचे. अमेरिकेतील ४३ रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत झालेला मोठा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व रुग्णांना असे पुसून नाकात मलम लावल्यावर रक्तातील जंतुसंसर्ग ४४ टक्क्यांनी घटला. मात्र २०१९मध्ये ५३ रुग्णालयांच्या साध्या वॉर्डांतील अभ्यासात सरसकट फायदा दिसला नाही. तो दिसला शिरेत नळी वगैरे असलेल्या रुग्णांत.

म्हणून सर्वांनाच औषधी आंघोळ नको. अतिदक्षता विभागात आणि शिरेत अशी नळी असलेल्यांना ती हवी. आपल्याकडे क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांचा उपद्रव मोठा आहे आणि त्यांच्यावर या औषधाचा जोर तुलनेने कमी पडतो. त्यामुळे डॉक्टर-परिचारिकांनी हात धुणे आणि गरज संपताच नळी काढणे, याला पर्याय नाही.

हे काम नातेवाइकांवर सोडूनही चालणार नाही. औषध डोळ्यांत, कानांत जाता कामा नये, लावल्यावर धुऊन टाकायचे नसते आणि साबणामुळे त्याचा गुण कमी होतो. काहींना त्याची ॲलर्जीही असते. हे प्रशिक्षित परिचारिकेचे काम आहे.

२०१५पासूनच्या ‘कायाकल्प’ योजनेत सरकारी रुग्णालयांना स्वच्छता आणि संसर्ग नियंत्रणासाठी गुण मिळतात. फरशी चकचकीत होते, हे चांगलेच. पण रुग्णाचे अंग रोज पुसले जाते का, त्यासाठी औषध आणि पुरेशा परिचारिका आहेत का, हेही तितक्याच काटेकोरपणे तपासले पाहिजे. महागड्या प्रतिजैविकापेक्षा हा खर्च नक्कीच परवडणारा आहे.