गोखल्यांच्या नावाचा पूल

अंधेरीतील गोपाळ कृष्ण गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ रोजी सकाळी रुळांवर कोसळला, तेव्हा देखभालीचा भार रेल्वेचा की महापालिकेचा, हा वाद लागलीच उभा राहिला; आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केलेल्या त्याच पुलाची नवी बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी तिची उंची जुळत नाही, हे जुहूकडे निघालेल्या रिक्षावाल्यासही दिसले. अखेर जॅक लावून बर्फीवाला पूल उचलावा लागला.

पूल बंद होता त्या अवधीत पालिकेत जाब विचारणारे कोणी नव्हते. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, स्थायी समिती उरली नव्हती, आणि प्रशासकाच्या अंमलात प्रस्ताव करणारा व तो मंजूर करणारा हात एकच झाला होता. अशा वेळी विधिमंडळाचे कर्तव्य दुणावते. महालेखापरीक्षकांकडे पालिकेची सुमारे १२ हजार कोटी रुपयांची कामे तपासणीसाठी सोपविली गेली. त्यांपैकी कोविडच्या खर्चाचे दप्तर पालिकेने साथरोग कायद्याचा आधार घेऊन दिले नाही. आणि उरलेल्या कामांचा अहवाल मार्च २०२३ मध्ये, अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, सभागृहात ठेवला गेला.

अहवाल पटलावर आला म्हणजे चौकशी पुरी झाली, हा आपला भ्रम आहे. वर्तमानपत्रांत मथळे सभागृहातील गदारोळाचे होतात. परंतु सचिवास साक्षीस पाचारण करून, निविदेचे नेमके पान पुढे सारून, ‘ही सही कोणाची?’ असे शांतपणे विचारण्याचे सामर्थ्य लोकलेखा समितीसारख्या समित्यांच्या दालनात आहे, आणि तेथे ना कॅमेरे असतात, ना टाळ्या.

ज्यांचे नाव या पुलास आहे, त्या गोखल्यांना १९०२ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर मत देण्याचाही अधिकार नव्हता. तरीही शिलकीचा डौल मिरविणाऱ्या सरकारास त्यांनी त्याच्याच आकड्यांनी दाखवून दिले, की ती शिलक रयतेवरील जादा करांतून आलेली आहे. आजच्या आमदारांस मत आहे, तारांकित प्रश्न आहे, समिती आहे. म्हणून मते मागावयास दारी येणाऱ्या उमेदवारास अंधेरीकरांनी पुलाचे उद्घाटन कोणी केले हे विचारू नये. आपण कोणत्या समितीवर होता, तिच्या किती बैठकांस गेलात आणि तेथे काय विचारलेत, एवढेच विचारावे.