जिद्द हवीच, पण हिशेब आधी

३.८ किलोमीटर पोहायचे, पाण्यातून बाहेर येऊन १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि सायकल ठेवली की ४२.२ किलोमीटर धावायचे. तेही एकाच दिवशी, १७ तासांच्या आत! १९७८ साली हवाई बेटांवर १५ जणांनी अशी पहिली स्पर्धा सुरू केली आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. हीच ती ‘आयर्नमॅन’ स्पर्धा. आपल्याकडे पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी ती अनेकदा पार केली आहे. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिक येथे ती पूर्ण केली. बारामतीचे सतीश ननवरे हे तर आपल्या मोरगावच्या शेजारचेच. २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर याच स्पर्धेची निम्म्या अंतराची आवृत्तीही झाली.

अशी बातमी वाचली की आपण म्हणतो, “काय ही जिद्द!” जिद्द लागतेच, यात शंका नाही. पण विद्यार्थी मित्रांनो, माझे मत असे की, या माणसांकडून शिकण्याजोगी पहिली गोष्ट जिद्द नसून हिशेब आहे. आणि तो हिशेब तुमच्या नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाबाहेरचा नाही.

समजा, मोरगावच्या ६० किलो वजनाच्या एका तरुणाने ही स्पर्धा करायचे ठरवले. धावताना दर किलोला दर किलोमीटरमागे सुमारे १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. म्हणजे नुसत्या धावण्यालाच सुमारे २,५०० किलोकॅलरी लागतील. पोहणे आणि सायकल धरून एकूण खर्च साडेसहा-सात हजारांच्या घरात जाईल. आता शिल्लक पाहू. स्नायू व यकृत यांत ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली साखर फार तर ४००-५०० ग्रॅम. तिच्यातून मिळणार १,८०० किलोकॅलरीच्या आसपास. खर्चाच्या जेमतेम पावपट! उलट, सडपातळ तरुणाच्या अंगातही ५ किलो तरी चरबी असते. ग्रॅमला ९ किलोकॅलरी या दराने ती ४५,००० किलोकॅलरी झाली. मग अडचण कोठे आहे? कणगी धान्याने भरलेली आहे, पण जाते हळू फिरते! चरबीपासून ऊर्जा सावकाश मिळते. वेग वाढवला की शरीर साखरेकडे वळते आणि ती संपली की पाय जागच्या जागी थांबतात. महिनोन् महिने संथ गतीने लांब अंतराचा सराव केला की स्नायूंतील तंतुकणिका आणि केशवाहिन्या वाढतात, म्हणजेच जाते मोठे होते. सरावाचे खरे काम हे आहे.

सायकलचेही असेच. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ताशी २५ ऐवजी ३० किलोमीटर वेगाने जायचे म्हणजे वेग १.२ पट; पण हवा कापण्याची शक्ती १.७३ पट लागते. मोरगाव ते बारामती हे सुमारे ३५ किलोमीटरचे अंतर कोणीही ईर्ष्येने कापेल. पण त्याच्या पाचपट अंतर कापून वर ४२ किलोमीटर धावायचे असेल, तर हा घन विसरून चालणार नाही.

आता उष्णतेकडे वळू. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा बहुतेक भाग उष्णता बनतो. आपल्या तरुणाच्या बाबतीत ती सुमारे ५०० वॅट धरू. शरीराची विशिष्ट उष्माधारकता दर किलोला सुमारे ३.५ किलोजूल, म्हणजे ६० किलोच्या शरीराचे तापमान १ अंश वाढायला २१० किलोजूल पुरतात. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर दर ७ मिनिटांना ताप एकेक अंश चढेल! आपल्याला वाचवतो तो घाम. बाष्पनाच्या अप्रकट उष्म्याचा हिशेब केला तर तासाला पाऊण लिटर घाम उडून जावा लागतो. ‘उडून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जो घाम नुसताच ओघळून खाली पडतो, तो काही गारवा देत नाही.

म्हणून नुसते तापमान पाहणे फसवे ठरते. एप्रिलमधील मोरगावची दुपार घ्या. कोरडा तापमापक ४० अंश दाखवत असेल आणि हवेची आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फुग्याचा तापमापक २१ अंशांच्या आसपास असतो. समुद्रकाठी हवा ३२ अंश व आर्द्रता ८० टक्के असेल, तर ओला फुगा २९ दाखवतो. घामाच्या दृष्टीने ही ३२ अंशांची हवा अधिक कठीण! कऱ्हाकाठच्या कोरड्या हवेत तयार झालेला गडी गोव्यात गेला, तर त्याला हे पहिल्या तासातच कळेल. अर्थात कोरड्या हवेतही धोका आहेच. तेथे घाम लगेच वाळतो आणि किती पाणी गेले ते समजत नाही. त्यावर उपाय म्हणजे वजनकाटा. धावण्यापूर्वी व नंतर वजन करा. १ किलो घटले तर सुमारे १ लिटर पाणी गेले. मात्र नुसतेच पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील मीठ पातळ होते, आणि तेही जिवावर बेतू शकते.

सराव किती वाढवावा? आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त नको, असा एक ठोकताळा आहे. तो काही निसर्गनियम नव्हे. पण चक्रवाढ व्याजाचे सूत्र लावून पाहा. आठवड्याला १० किलोमीटर धावणारा मुलगा ७ आठवड्यांनी जवळजवळ २० किलोमीटरवर पोचतो. हे काही कमी नाही. घाई करणाऱ्याचा दम लवकर वाढतो, पण हाडे आणि कंडरा मागे राहतात. मग नडगी दुखते, कधी हाडाला बारीक चीरही जाते. स्नायू बळकट होतात ते विश्रांतीत. तुकोबांची पालखी बारामती-इंदापूरवरून पंढरीला जाते, तीसुद्धा रोजची मजल आणि रोजचा मुक्काम ठरवूनच!

पोहण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. १० मीटर व्यासाच्या विहिरीत ३.८ किलोमीटर म्हणजे ३८० वेळा आरपार जाणे, आणि प्रत्येक वेळी काठाला पाय लावून ढकलण्याची सवलत. कालव्यात ती सवलत नसते. तेथे पाण्याला ओढ असते आणि अस्तरीकरण केलेल्या उतरत्या काठावर पाय ठरत नाही. एकट्याने कालव्यात सराव करणे हे धाडस नव्हे, अविचार होय.

तुम्ही विचाराल, “सर, १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय या स्पर्धेत घेतच नाहीत, मग आम्हाला हे कशाला?” प्रश्न रास्त आहे. पण तुमच्यापैकी कितीतरी जण उद्या पोलीसभरतीला किंवा सैन्यभरतीला उभे राहणार आहेत. जाहिरात आली की आपल्या भागातील रस्त्यांवर पहाटे चारपासून मुले धावू लागतात. कालपर्यंत शून्य आणि आजपासून रोज दहा किलोमीटर! २०१४ च्या जून महिन्यात मुंबईच्या पोलीसभरतीत ५ किलोमीटर धावताना कोसळलेल्या काही तरुणांचा मृत्यू झाला. आता पुरुषांसाठी ते अंतर १६०० मीटर आहे. अंतर कमी झाले, पण उकाडा, पाणी आणि तयारी यांचा हिशेब आपण मुलांना शिकवला का?

कोणी म्हणेल, “हिशेब करत बसलेला धावणार कधी? बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लता करे नऊवारी लुगड्यात धावून ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. त्यांनी कोणती वही ठेवली होती?” त्यांच्याबद्दल मलाही आदर आहे. त्यांच्या जीवनावर २०२० साली चित्रपट निघाला, तोही योग्यच. परंतु रोज कष्ट करणाऱ्या बाईचा सराव आयुष्यभर चाललेलाच असतो; तो कोणी लिहून ठेवलेला नसतो, इतकेच. दिवसभर बाकावर बसणाऱ्या विद्यार्थ्याने त्या उदाहरणावरून एकदम धावत सुटणे बरोबर नाही.

म्हणून शिक्षकबंधूंना व भगिनींना माझी एक सूचना आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत ओल्या व कोरड्या फुग्याचा तापमापक कपाटात पडून असेल, तर तो मैदानाच्या कडेला सावलीत टांगा. त्याच्या शेजारी एक वजनकाटा ठेवा. प्रत्येक मुलामुलीच्या वहीत चार रकाने असू द्या: सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडी, अंतर व वेळ, धावण्यापूर्वीचे व नंतरचे वजन, आणि ओल्या फुग्याचे तापमान. नाडी नेहमीपेक्षा बरीच जलद लागली, तर त्या दिवशी विश्रांती. ओला फुगा चढलेला असेल, तर शर्यत पुढे ढकला. विज्ञानाचे आणि खेळाचे शिक्षक आठवड्यातून एक तास एकत्र आले, तर यासाठी वेगळा खर्चही करावा लागणार नाही.

तुमच्यातील एखादा पुढे खरोखरच आयर्नमॅन होईल; बाकीचे होणार नाहीत. पण आज धावावे की थांबावे, हे दुसऱ्याच्या आरोळीवरून न ठरवता स्वतः मोजून ठरवण्याची सवय सर्वांनाच लागेल. त्या वहीची सुरुवात उद्या सकाळच्या नाडीपासून करा.