विषातून वेदनाशमन : अभिमानाबरोबर मोजमापही हवे

एका समुद्री गोगलगायीच्या विषावरून वेदनाशामक औषध सिद्ध झाले, ही वार्ता वैद्यवर्गास आता नवी राहिलेली नाही. परंतु तिचा उल्लेख होताच ‘हे तर आमच्या ग्रंथांत पूर्वीच सांगितले आहे’ असे म्हणून आपल्यापैकी अनेक जण विषय संपवतात. आमच्या मते खरा विषय तेथूनच सुरू होतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कोनस मॅगस ही शंकूच्या आकाराचा शंख धारण करणारी गोगलगाय पोकळ दातातून विष टोचून माशाला निश्चेष्ट करते. मूळचे फिलिपिन्सचे शास्त्रज्ञ बाल्डोमेरो ऑलिव्हेरा आणि अमेरिकेतील युटा विद्यापीठातील त्यांचे सहकारी यांनी अशा विषांतील पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या, एकेक करून वेगळ्या केल्या. त्यांपैकी 25 अमिनो आम्लांच्या एका साखळीची प्रयोगशाळेत घडवलेली प्रतिकृती म्हणजे झिकोनोटाइड होय. डिसेंबर 2004 मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. मज्जारज्जूत वेदनेचा निरोप पुढे पाठवणाऱ्या चेतातंतूंवरील कॅल्शियमची द्वारे ते रोखते. अफूजन्य द्रव्यांप्रमाणे त्याचे व्यसन जडत नाही.

तथापि हे औषध तोंडाने देता येत नाही. पंपाच्या साहाय्याने ते थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते. आरंभीची मात्रा दिवसाला 2.4 मायक्रोग्रॅमहून अधिक नसावी आणि कमाल मात्रा 19.2 मायक्रोग्रॅम असावी, असे निर्देश आहेत. त्यामुळे मतिभ्रम व आभास होऊ शकतात, हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात ठळकपणे दिलेला असतो. पूर्वी मनोविकृती झालेल्या रुग्णास ते वर्ज्य आहे.

या संशोधनात आपला देशही मागे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील के. एस. कृष्णन आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पी. बलराम यांच्या गटांनी भारतीय समुद्रातील कोनस अमॅडिस या गोगलगायीच्या विषातील एका पेप्टाइडाचे कार्य 2003 मध्ये प्रसिद्ध केले. चेतातंतूंवरील सोडियमची द्वारे मिटण्याच्या क्रियेत ते अडथळा आणते. आपल्या वत्सनाभातील अ‍ॅकोनिटीन हेही याच सोडियमद्वारांवर कार्य करून ती उघडी ठेवते. समुद्रातील गोगलगाय आणि हिमालयातील कंद यांच्या विषांचे कार्यस्थान असे एकच निघावे, ही वैद्यांनी मनन करावी अशी गोष्ट आहे.

आता ग्रंथांविषयी. युक्तीने योजलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध ठरते, हा चरकसंहितेचा सिद्धांत निःसंशय आपला आहे. सुश्रुतसंहितेने जंगम विषाची सोळा अधिष्ठाने सांगितली. सूचिकाभरण रसात सर्पविष योजून ते सुईच्या अग्राने देण्याची योजना करताना रसवैद्यांनी मात्रा आणि मार्ग या दोहोंचा विचार केला होता. परंतु समुद्रातून आपण शंख, शुक्ती, कपर्दिका, प्रवाळ घेतले ते भस्मासाठी. गोगलगायीच्या विषासाठी नव्हे. सिद्धांत आपला आहे, हे औषध आपले नाही. हा भेद मान्य केल्याने शास्त्राची प्रतिष्ठा कमी होत नाही, उलट वाढते.

मग आपण यातून काय घ्यावे? त्रिभुवनकीर्तीसारखे वत्सनाभयुक्त कल्प आपल्या नित्य वापरात आहेत. गोमूत्र वा गोदुग्धातील शोधनाने, विशेषतः उष्णतेच्या संस्काराने, अ‍ॅकोनिटीनचे विघटन होऊन विषाक्तता घटते, हे आधुनिक रसायनशास्त्रासही मान्य आहे. पण हाती आलेल्या डब्यातील वत्सनाभाचे शोधन कितपत झाले, हे आपल्यापैकी किती जण उत्पादकास विचारतात? वत्सनाभ व सर्पविष ही दोन्ही औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या ई-1 अनुसूचीत आहेत आणि अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना बंधनकारक आहे. आयुर्वेदीय औषधविक्रीस स्वतंत्र परवाना लागत नाही. म्हणूनच ही सूचना पाळण्याची नैतिक जबाबदारी विक्रेत्यावर अधिक येते.

आमच्या सूचना तीन आहेत. औषधालयांनी विषद्रव्ययुक्त कल्प वैद्याच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि उत्पादकाकडून प्रत्येक घाण्याचा तपासणी-अहवाल मागावा. वैद्यांनी अशा प्रत्येक रुग्णाची मात्रा, अनुपान व परिणाम लिहून ठेवावेत, आणि उपद्रव आढळल्यास तो आयुष मंत्रालयाच्या औषधदक्षता केंद्रास निःसंकोच कळवावा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकलाच आहे. अगदतंत्र व रसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शोधित वत्सनाभाच्या मोजमापाचे विषय मिळावेत, यासाठी आपल्या संघटनेने तेथे पाठपुरावा करावा.

त्या गोगलगायीचे विष औषध झाले ते कोणी त्याचा अभिमान बाळगला म्हणून नव्हे. त्याची मात्रा, मार्ग आणि दोष हे तिन्ही उघडपणे नोंदले गेले म्हणून. आपल्या वत्सनाभासही तोच न्याय मिळावा, एवढीच आमची वैद्यबंधुभगिनींस विनंती आहे.