‘कोणी केलं?’ विचारण्याआधी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी टीवायला होते. कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम शेवटच्या टप्प्यात होतं. लेख, फोटो, लेआउट, सगळं लॅबमधल्या एकाच शेअर्ड फोल्डरमध्ये. सोमवारी सकाळी बघतो तर फोटोंचा फोल्डर गायब! ‘बॅकअप आहे का?’ हे कोणी विचारलंच नाही. पहिला प्रश्न होता, ‘कोणी केलं?’ आणि पाच मिनिटांत उत्तरही ठरलं. शनिवारी सगळ्यात शेवटी एफवायचा एक मुलगा लॅबमध्ये बसला होता ना, मग तोच!

तो बिचारा ‘मी हातही लावला नाही’ म्हणत राहिला. त्याच्याविरुद्ध पुरावा नव्हता, पण त्याच्या बाजूनेही नव्हता. कारण लॅबमध्ये सगळ्यांचं लॉगिन एकच आणि पासवर्ड फळ्यावर लिहिलेला. फोटो आम्ही मोबाइलमधून, मेमरी कार्डांमधून परत गोळा केले. अंक निघाला. तो मुलगा मात्र पुन्हा मीटिंगला आला नाही. तेव्हा मीही गप्पच बसले होते.

नंतर कळलं, की नेटवर्कवरच्या फोल्डरमधली फाइल उडवली, तर ती आपल्या मशीनच्या रिसायकल बिनमध्ये जातच नाही. पण कोणत्या अकाउंटवरून ती उघडली, बदलली किंवा काढली, याची नोंद ठेवायची सोय विंडोजमध्येच असते. फक्त ती चालू करावी लागते. आधी सर्व्हरच्या ऑडिट पॉलिसीत आणि मग त्या फोल्डरच्या सिक्युरिटीमधल्या ‘ऑडिटिंग’ या टॅबमध्ये. त्यानंतर सिक्युरिटी लॉगमध्ये ४६६३ नंबरची नोंद पडते. त्यात अकाउंट, फाइलचं नाव आणि वेळ, तिन्ही मिळतं. मात्र घटना घडून गेल्यावर ही सोय चालू करून काहीच उपयोग नाही. आणि सगळे एकाच नावाने लॉगिन करत असतील, तर लॉग सांगणार, ‘स्टुडंट’ने डिलीट केलं. झालं का समाधान?

हे मित्रांना सांगितलं, तर पहिली प्रतिक्रिया आली, ‘म्हणजे आता आमच्यावर पाळत?’ ही भीती मला खोटी वाटत नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. तो लॅबच्या दारात संपत नाही. म्हणून मी म्हणते, नोंद ठेवा, पण सांगून ठेवा. कोण कोणता लेख किती वेळा वाचतो, हे टिपायची गरज नाही. बदल आणि डिलीट एवढंच पुरे. लॅबच्या दारावर तशी नोटीस लावा. तक्रार आली तरच लॉग उघडायचा आणि तोही एक शिक्षक आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी यांनी मिळून. सेमिस्टर संपली की पुसून टाकायचा.

आणखी एक. लॉग म्हणजे निकाल नव्हे. लॉगमध्ये अकाउंट दिसतं, खुर्चीत बसलेला माणूस दिसत नाही. कोणी लॉगआउट न करता चहाला गेलं असेल. कोणाचा माउस घसरून फोल्डर शेजारच्या फोल्डरमध्ये गेला असेल. लॉग बघून ‘काय झालं रे?’ असं विचारायचं, थेट आरोप करायचा नाही.

कॉलेज करेल तेव्हा करेल. तोवर आपण आपल्या प्रोजेक्टच्या ग्रुपपासून सुरुवात करू शकतो. गुगल ड्राइव्हवर ‘लिंक असेल त्या कोणालाही एडिट’ देऊ नका, नावानिशी अ‍ॅक्सेस द्या. मग कोणी काय बदललं, काय हलवलं, ते ‘अ‍ॅक्टिव्हिटी’मध्ये दिसतं. काढलेली फाइल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते. आणि बॅकअप घ्याच. नाव कळल्याने फाइल परत येत नाही.

आपल्याला वाटतं, लॉग चोर पकडायला असतो. मला वाटतं, ज्याने काही केलेलंच नाही, त्याला त्याची जास्त गरज असते. ते फोटो कोणी उडवले, हे मला आजही माहीत नाही. त्या मुलाने उडवले नसतील, तर त्याला ते सिद्ध करायची एकही संधी आम्ही ठेवली नव्हती.